छतावरचे सोलर परवडेल का? हिशेब वीजबिलापासून मांडावा

घराच्या छतावर सोलर पॅनल बसवावेत की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत छताकडे पाहून सोडवला जातो. जागा किती आहे, ऊन किती लागते, शेजाऱ्यांनी किती किलोवॉटचे बसवले, एवढी चौकशी झाली की कोटेशन मागवले जाते. पैशांच्या दृष्टीने विचार करायचा, तर आधी वीजबिल उघडावे लागते. सोलरमधून तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटची किंमत सारखी नसते. ते युनिट बिलातील कोणत्या टप्प्यातील युनिटची जागा घेते, यावर त्याचे मोल ठरते. महाराष्ट्रात घरगुती विजेच्या दरांचे टप्पे इतके चढे आहेत की एकाच घरात पहिल्या किलोवॉटचे पैसे दोन वर्षांत सुटतात आणि तिसऱ्या किलोवॉटचे सुटायला सहा वर्षे लागतात.

पुढील मांडणी महावितरणचा घरगुती ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी इलेक्ट्रिसिटीचे ग्राहक असाल, तर रीत तीच राहील, दर तेवढे आपल्या बिलातील घ्यावेत. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा बरीच स्वस्त आहे, त्यामुळे पुण्यातील नातेवाइकाने सांगितलेला परतफेडीचा काळ म्हापशातील घराला लावू नये.

पहिली पायरी: बारा महिन्यांचा वापर कागदावर उतरवा

एका महिन्याच्या बिलावरून काहीही ठरवू नये. मे महिन्यात एसी किंवा कूलर चालतो आणि डिसेंबरमध्ये पंखासुद्धा बंद असतो, म्हणून किमान बारा महिन्यांची युनिट महिनावार लिहून काढावीत. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा तपशील छापलेला असतो, आणि ग्राहक क्रमांक वापरून जुनी बिले ॲपवरही पाहता येतात. रुपये लिहू नयेत, युनिट लिहावीत. कारण रुपयांच्या आकड्यात थकबाकी, सुरक्षा ठेव आणि मागील महिन्यांचे समायोजन मिसळलेले असते. एखाद्या महिन्याचे बिल रीडिंग न घेता सरासरीने आलेले असेल, तर पुढील महिन्यात त्याची भरपाई झालेली दिसेल. अशा दोन महिन्यांची बेरीज करून दोनाने भागावे.

त्याच बिलावर मंजूर भार, म्हणजे कंपनीने आपल्या जोडणीला मंजूर केलेली क्षमता, किती किलोवॉट आहे तेही पाहून ठेवावे. मग आकारांच्या ओळी वाचाव्यात. वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) आणि इंधन समायोजन आकार हे युनिटवर लागतात, त्यामुळे सोलरने युनिट घटली की तेही घटतात. वीज शुल्क ही टक्केवारी आहे, घरगुती ग्राहकाला १६ टक्के, म्हणून बिलाबरोबर तेही उतरते. स्थिर आकार मात्र वापर शून्यावर आला तरी भरावाच लागतो. ‘बिल शून्य होईल’ असे विक्रेता म्हणतो, तेव्हा ही ओळ त्याच्या ध्यानात नसते किंवा तो ती ध्यानात आणू देत नाही.

दुसरी पायरी: युनिट वरच्या टप्प्यापासून खाली मोजा

महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चार टप्पे आहेत, आणि दुसऱ्या टप्प्यातील युनिट पहिल्या टप्प्यातील युनिटच्या जवळपास दुप्पट पडते. दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत असल्याने येथे गोल आकडे घेतले आहेत: वहन आकार धरून पहिल्या टप्प्यात ६ रुपये, दुसऱ्यात १२ रुपये, तिसऱ्यात १६ रुपये, आणि स्थिर आकार १३० रुपये. आपला हिशेब करताना ताज्या बिलावरील दर घालावेत.

उत्पादनाचा आकडाही लागेल. महाराष्ट्रात १ किलोवॉटच्या संचातून वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला १२०. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. विदर्भातील मे महिनाही वाटतो तेवढा चांगला नसतो, कारण पॅनलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते, आणि चंद्रपुरात दुपारी दोन वाजता पॅनलचे तापमान हवेपेक्षाही बरेच वर असते. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते.

आता दरमहा ३०० युनिट वापरणारे एक घर घेऊ. पहिल्या १०० युनिटांचे ६०० रुपये, पुढच्या २०० युनिटांचे २,४०० रुपये, त्यात स्थिर आकार आणि वरून १६ टक्के शुल्क धरले की बिल सुमारे ३,६३० रुपये होते. या घराने १ किलोवॉट बसवले, तर त्याची १२० युनिट १२ रुपयांच्या टप्प्यातून कमी होतात आणि शुल्कासह महिन्याला सुमारे १,६७० रुपये, म्हणजे वर्षाला २०,००० रुपये वाचतात. दुसऱ्या किलोवॉटच्या १२० युनिटांपैकी ८० युनिट १२ रुपयांची जागा घेतात आणि ४० युनिट ६ रुपयांची. वर्षाची बचत १६,७०० रुपयांवर येते. तिसऱ्या किलोवॉटला उरलेली ६० युनिटच मिळतात, तीही ६ रुपयांची. बाकी ६० युनिट शिल्लक राहतात.

या शिल्लक युनिटांचे काय होते, ते नीट समजून घ्यावे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरून वीज कंपनीला गेलेली युनिट आपण तिच्याकडून घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याच्या पद्धतीत, एका महिन्यातील जादा युनिट पुढच्या महिन्यात वळती होतात, त्यामुळे एप्रिल-मेमधील उन्हाची कमाई काही प्रमाणात जुलैपर्यंत वापरता येते. पण हे खाते एप्रिल ते मार्च असे वर्षभराचेच असते. ३१ मार्चला जी युनिट उरतात, ती वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर आपण कंपनीला देतो त्या दराच्या जवळपासही नसतो. या हिशेबात तो ३ रुपये धरला आहे. त्यामुळे तिसऱ्या किलोवॉटची वर्षाची बचत ७,२०० रुपयांच्या आसपास थांबते.

याच ठिकाणी कोटेशनमधील हिशेब तपासावा. बिलाच्या रकमेला युनिटने भागून सरासरी दर काढायचा आणि त्याने संपूर्ण उत्पादनाला गुणायचे, ही विक्रेत्यांची नेहमीची पद्धत आहे. वरील घराचा सरासरी दर १२ रुपये १० पैसे निघतो. त्याने ३ किलोवॉटच्या ३६० युनिटांना गुणले की महिन्याची बचत ४,३५० रुपये दिसते. ज्या घराचे बिलच ३,६३० रुपये आहे, त्याची ही बचत! असा कागद हातात आला, तर त्यातील पंचवीस वर्षांच्या नफ्याचा रंगीत आलेख पाहण्याची गरज उरत नाही.

तिसरी पायरी: अनुदान वजा करून प्रत्येक किलोवॉटचा वेगळा हिशेब करा

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये असे अनुदान आहे. त्याच्या वर कितीही मोठा संच बसवला तरी अनुदान ७८,००० रुपयांवर थांबते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्याआधीचे एखादे कोटेशन हाताशी असेल तर ते नव्याने मागवावे.

बाजारभाव गावानुसार, पॅनल ज्या सांगाड्यावर बसतात त्या स्ट्रक्चरच्या उंचीनुसार आणि पॅनलच्या प्रकारानुसार बदलतो. उदाहरणासाठी १ किलोवॉटला ७०,०००, २ किलोवॉटना १,३०,००० आणि ३ किलोवॉटना १,९०,००० रुपये धरू. अनुदान वजा जाता खर्च अनुक्रमे ४०,०००, ७०,००० आणि १,१२,००० रुपये होतो. म्हणजे पहिला किलोवॉट ४०,००० रुपयांचा आणि वर्षाला २०,००० वाचवणारा, दुसरा ३०,००० रुपयांचा आणि १६,७०० वाचवणारा, तर तिसरा ४२,००० रुपयांचा आणि जेमतेम ७,२०० वाचवणारा. तीन किलोवॉटची एकत्र परतफेड काढली तर ती अडीच वर्षांची दिसते आणि सगळे छान वाटते. तिसऱ्या किलोवॉटची सहा वर्षे त्या सरासरीत लपून जातात.

याचा अर्थ ३ किलोवॉट नेहमीच चूक असा नाही. या घरात एसी आणि विजेची स्कूटर येऊन वापर ४२० युनिटांवर जाणार असेल, तर तिसऱ्या किलोवॉटची बचत १६,७०० रुपयांवर जाते आणि त्याचे पैसे अडीच वर्षांत सुटतात. येत्या दोन वर्षांत खरोखर घडणारी वाढ तेवढी धरावी. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून मोठा संच घेऊ नये.

निघालेल्या आकड्यातून काही वजावट करावी. धूळ, सावली आणि वायरमधील घट यांसाठी उत्पादन सरसकट १० टक्के कमी धरावे. पॅनल दरवर्षी अर्धा ते पाऊण टक्का क्षमता गमावतात. पंचवीस वर्षांची उत्पादन हमी साधारण ८० टक्के क्षमतेपर्यंतची असते. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र तितका टिकत नाही, दहा-बारा वर्षांनी तो एकदा बदलावा लागेल असेच गृहीत धरावे आणि त्यासाठी व धुण्यापुसण्यासाठी मिळून वर्षाला ३,००० रुपये बाजूला काढावेत. वरील घरातील २ किलोवॉटची ३६,७०० रुपयांची बचत या वजावटीनंतर ३०,००० वर येते. हेच ७०,००० रुपये बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ४,९०० रुपये व्याज आले असते, आणि त्यावर कर लागला असता. बिलात वाचलेल्या पैशांवर कर लागत नाही. ठेवीचे मुद्दल शेवटी परत मिळते आणि पॅनलचे मिळत नाही, हे खरे. तरीही इतका फरक असताना ३०० युनिट वापरणाऱ्या, स्वतःचे छत असलेल्या कुटुंबाने २ किलोवॉटबाबत फार घोळ घालण्याचे कारण मला दिसत नाही.

८० युनिट वापरणाऱ्या घराचे चित्र वेगळे आहे. तेथे १ किलोवॉटची वर्षाची बचत शिल्लक युनिटांसह ८,१०० रुपयांच्या आसपास राहते आणि ४०,००० रुपये सुटायला पाच वर्षे, देखभाल धरली तर त्याहून जास्त लागतात. अशा कुटुंबांसाठी, म्हणजे दरमहा १०० युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी, राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप म्हणजे ‘स्मार्ट’ योजनेतून जादा अनुदान जाहीर केले आहे. आपण त्यात बसतो का, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारावे आणि मगच निर्णय घ्यावा.

नियम पंचवीस वर्षे आहेत तसेच राहतील, असे मानू नये. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर दरात सवलत मिळते. म्हणजे सोलर ज्या वेळी वीज तयार करते, नेमक्या त्याच वेळची वीज थोडी स्वस्त झाली. वेळेनुसार दर जसे पसरतील, तसे नेट मीटरिंगचे मोल कमी होण्याची शक्यता अधिक. म्हणून चार-पाच वर्षांत पैसे सुटतील एवढाच संच घ्यावा; दहाव्या वर्षाच्या नफ्यावर भिस्त ठेवू नये.

कोणी थांबावे, आणि कोणाला सर्वांत जास्त लाभ आहे

घर भाड्याचे असेल, वर आणखी एक मजला चढवायचा असेल, किंवा इमारत पुनर्विकासाला जाण्याच्या गोष्टी चालू असतील, तर थांबावे. पॅनल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च सगळी बचत खातो. चाकरमान्यांच्या गावाकडील घराबाबतही हेच म्हणावे लागेल. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणाऱ्या, एरवी कुलूपबंद असणाऱ्या घरात महिन्याचा सरासरी वापर २० युनिट असेल, तर १ किलोवॉटचे पैसे सुटायला अनुदान धरूनही साडेसात वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात पॅनल धुणारे, त्यावर पडलेली झावळी काढणारे किंवा इन्व्हर्टर बंद पडल्याचे पाहणारे तेथे कोणी नसते.

याउलट, गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक मीटरइतके चांगले गिऱ्हाईक सोलरला दुसरे नाही. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांचा वापर एकाच मीटरवर पडत असल्याने तो बहुतेक वेळा ५०० युनिटांच्या वर जातो, आणि सोलरची युनिट थेट सर्वांत महाग टप्प्यातून वजा होतात. सोसायट्यांना सामायिक सुविधांसाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. फ्लॅटधारकाला स्वतःसाठी गच्चीवर पॅनल लावायचे असतील तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. ती मिळवण्यात जे श्रम जातात, त्यातच सामायिक मीटरचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घेता येईल, आणि त्याचा लाभ देखभाल खर्चातून सर्वांनाच मिळेल.

छत, सावली आणि वारा

हिशेब जुळला की मग छतावर जावे. १ किलोवॉटला मोकळी, सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. पॅनलचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार १५ ते २० अंश, हे महाराष्ट्रासाठी योग्य आहे. सावली पाहायची ती डिसेंबरमधील, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला सर्वांत खाली असतो. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी तो क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, म्हणजे ५ फूट उंचीच्या पाण्याच्या टाकीची सावली उत्तरेकडे साडेचार फूट पडते, आणि सकाळी नऊ वाजता त्याच्या अडीच पटींहून लांब. साध्या इन्व्हर्टरवर पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली संपूर्ण माळेचे उत्पादन खाली ओढते. टाकी हलवणे अनेकदा जादा पॅनल घेण्यापेक्षा स्वस्त पडते.

स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्यावे. किनारपट्टीवर स्ट्रक्चर गरम जस्ताचा मुलामा दिलेले असावे आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यात पत्र्यांची छपरे कशी उडाली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गच्ची वापरता यावी म्हणून केलेल्या आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चरच्या वाऱ्याच्या भाराबद्दल विचारायला लावण्याची गरज नाही. बाकीच्यांनी विचारावे, आणि पाया स्लॅबला कसा धरला आहे ते कागदावर घ्यावे. माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत काचेपेक्षा उघड्या वायरची काळजी अधिक. वायर पाइपातून नेलेल्या असाव्यात.

बॅटरीचा गैरसमज

वीज गेली की नेट मीटरवरील साधा सोलर संचही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसा बनवलेलाच असतो. लोडशेडिंगवर उपाय म्हणून सोलर घेणाऱ्यांची येथे निराशा होते. बॅटरीसह संकरित संच मिळतो, पण बॅटरीचा खर्च बिलातील बचतीतून निघत नाही. तो सोयीचा खर्च आहे आणि वेगळ्या खिशातून करावा.

अर्जापासून पहिल्या बिलापर्यंत

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक घालून करायचा असतो. त्याआधी बिलावरील नाव पाहावे. जोडणी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर आधी नावबदल करून घ्यावा, नाहीतर अनुदानाच्या टप्प्यावर प्रकरण अडकते. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला वेगळ्या तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमांनी काढली आहे.

काम योजनेत नोंदणीकृत एजन्सीलाच द्यावे आणि किमान तीन कोटेशन घ्यावीत. प्रत्येकात पॅनलची कंपनी, वॉट आणि संख्या, इन्व्हर्टरची कंपनी व हमीची वर्षे, स्ट्रक्चरची उंची, अर्थिंग, लाइटनिंग ॲरेस्टर (आकाशातील विजेपासून बचाव करणारे साधन) आणि नेट मीटरचा खर्च वेगवेगळा लिहिलेला असावा. अनुदानासाठी पॅनल भारतीय सेलचे, बाजारात ज्यांना डीसीआर म्हणतात ते, असावे लागतात. बिनडीसीआर पॅनल स्वस्त पडतात, पण त्यांवर अनुदान नाही. पाच वर्षांची देखभाल एजन्सीवर बंधनकारक आहे, ती किमतीत धरलेली आहे ना, हे लिहून घ्यावे.

अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. तोवर पूर्ण रक्कम उभी करावी लागते, म्हणून ७०,००० रुपयांचा हिशेब करणाऱ्याने १,३०,००० ची सोय आधी पाहावी. राष्ट्रीयीकृत बँका या योजनेत ३ किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात. कर्ज घ्यायचे असेल तर हप्ता महिन्याच्या बचतीच्या आत बसतो का, ते पाहावे. ७०,००० रुपये ७ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,३९० रुपये येतो.

नेट मीटर लागल्यावर पहिली दोन बिले बारकाईने वाचावीत. इन्व्हर्टरच्या ॲपवर महिन्याचे उत्पादन २४० युनिट दिसते आणि बिलावर निर्यात १५० युनिटच असते, तेव्हा बाकीची ९० युनिट कोणी चोरलेली नसतात. ती दिवसा घरातच वापरली गेली आणि मीटरपर्यंत पोचलीच नाहीत. निर्यात युनिट आयात युनिटांतून वजा झाली आहेत का, आणि मागील महिन्याची शिल्लक पुढे ओढली आहे का, या दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. निर्यात शून्य दिसत असेल तर मीटरचा फोटो काढून, तारीख घालून लगेच तक्रार नोंदवावी; मार्च उलटला की वर्षाचे खाते बंद होते आणि मग जुनी युनिट मागत बसावे लागते.